हाकेची व्यवस्था : चोवीस तासांचा गैरसमज

मोबाइलच्या मनोऱ्यावरून एकाच वेळी हजारो फोनवर पोहोचणारा इशारा, म्हणजेच सेल ब्रॉडकास्ट, या भागात उलगडण्याचे आश्वासन दिले होते. मात्र नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याआधी हाती घेणे आवश्यक ठरते, कारण तो सुटल्याखेरीज त्या साधनाला काही कामच उरत नाही. मूल हरवले तर पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी चोवीस तास थांबावे लागते असे कामगारवस्तीत सर्रास सांगितले जाते, तर ही अट कोणत्या कायद्यात आहे, असे या वाचकाने विचारले आहे. अशी अट कोणत्याही कायद्यात नाही. तरीही हा समज इतका घट्ट का रुजला, हे पाहिल्याशिवाय तो दूर होणार नाही.

पोलिसांच्या बोलीत ज्याला ‘मिसिंग दाखल करणे’ म्हणतात, ती केवळ व्यक्ती सापडत नसल्याची नोंद असते. तिच्यात गुन्हा घडल्याचे म्हटलेले नसते, त्यामुळे दखलपात्र गुन्ह्याच्या प्रथम खबर अहवालाने, म्हणजे एफआयआरने, तपासाला जे बळ मिळते ते तिला मिळत नाही. घर सोडून गेलेली प्रौढ माणसे बहुधा आपणहून परततात, म्हणून ‘वाट पाहा, नातेवाइकांकडे विचारा’ हा सल्ला त्यांच्या बाबतीत रुळला आणि पुढे तोच मुलांनाही लागू होऊ लागला. कुटुंबेही पहिले कित्येक तास बसस्थानक, बाजार आणि ओळखीची घरे धुंडाळण्यात घालवतात आणि ठाण्याची पायरी रात्री चढतात.

अमेरिकेतील आर्लिंग्टनच्या अपहरण प्रकरणाचे वेगळेपण येथेच दिसते. १३ जानेवारी १९९६ रोजी नऊ वर्षांच्या अँबर हॅगरमनला सायकलवरून ओढून नेताना एका वृद्ध शेजाऱ्याने पाहिले आणि लगेच पोलिसांना फोन केला. काळ्या पिकअप गाडीचे वर्णन त्यांच्या हाती प्रारंभीच आले होते. तेथे खबर देण्यात उशीर झाला नव्हता, तर पोलिसांना ठाऊक असलेली माहिती रस्त्यावरच्या हजारो वाहनचालकांपर्यंत नेण्याचा मार्ग नव्हता. चार दिवसांनी मुलीचा मृतदेह एका ओढ्यात सापडला आणि मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. वादळाची सूचना रेडिओवरून देता येते तर अपहरणाची का नाही, हा शेजारच्या फोर्ट वर्थच्या एका महिलेचा प्रश्न त्यातूनच पुढे आला आणि अँबर अलर्ट या मुलांच्या अपहरणाचा इशारा देणाऱ्या व्यवस्थेचा पाया ठरला. त्या व्यवस्थेने पोलीस आणि जनता यांमधील दरी बुजवली; भारतात मात्र पहिली दरी तिच्याही अलीकडे, कुटुंब आणि ठाणे अंमलदाराचे टेबल यांच्यामध्ये होती.

ती बुजवण्याचे श्रेय सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशाला द्यावे लागते. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेत ३९२ जिल्ह्यांची माहिती मांडली होती. जानेवारी २००८ ते जानेवारी २०१० या काळात तेथे १,१७,४८० मुले हरवल्याची नोंद होती आणि त्यांपैकी ४१,५४६ मुलांचा माग लागलेला नव्हता. अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा आणि उलट पुरावा मिळेपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असे गृहीत धरावे, असे न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात अशा गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेतील कलमावरून ‘तीनशे त्रेसष्ट’ म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३७ झाले आहे. मूल शेजारच्या सातपूर ठाण्याच्या हद्दीतून गेले आणि आईवडील अंबड ठाण्यात पोहोचले, तरीही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवणे बंधनकारक आहे.

या घाईमागे कठोर कारण आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपहरणानंतर खून झालेल्या मुलांपैकी ७४ टक्के मुले पहिल्या तीन तासांतच मारली गेल्याचे आढळले. अशी प्रकरणे सुदैवाने विरळ असतात. परंतु अंबडच्या शेजारून मुंबई–आग्रा महामार्ग जातो, आणि तीन तासांत एखादे वाहन एका बाजूला कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यात, दुसऱ्या बाजूला धुळ्यात, तर पेठमार्गे गुजरातमध्ये सहज शिरू शकते. चोवीस तासांनंतर नाकाबंदी नेमकी कोठे करावी, हेच सांगता येणार नाही.

उशिराने का होईना, फळाला आलेल्या शोधाचे एक उदाहरण मुंबईचे आहे. अंधेरीची सात वर्षांची एक मुलगी २२ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे वरील आदेशाच्या काही महिने आधी, नाहीशी झाली. डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या यादीतील १६६ मुलींपैकी तीच एक सापडायची राहिली होती, आणि २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी तिचा शोध सोडला नाही. अखेर ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती घरी पोहोचली, तेव्हा ती राहत होती ते ठिकाण घरापासून फार दूर नव्हते. एका घरकामगार महिलेने इंटरनेटवर तिचे नाव शोधले तेव्हा जुने ‘हरवली आहे’ पत्रक सापडले. त्यावरील पाचपैकी चार फोन क्रमांक बंद पडले होते आणि पाचवा तेवढा एका शेजाऱ्याने उचलला. पत्रकावर कुटुंबाच्या क्रमांकाबरोबर न बदलणारा सरकारी क्रमांक हवाच, आणि तो १९९६ मध्येच मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ असावा की पोलिसांचा ११२, याचा विचार सेल ब्रॉडकास्टसोबत पुढील भागात होईल.