कूलरची दुरुस्ती: आधी करंट बघा, मग गारवा

नागपूरच्या महालातून बोलतोय. मार्च लागला की आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात, पुसले जातात, खिडकीला लागतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात कूलर म्हणजे काही चैन नाही, राजेहो!

मेकॅनिक आला की आपण काय म्हणतो? "भाऊ, हवा थंड येत नाही." माझं म्हणणं, पहिला प्रश्न करंटचा विचारा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात.

हे होतं कसं? पंप पाण्यात बुडालेला असतो. टाकी कोरडी पडली आणि पंप चालूच राहिला, तर तो तापतो. आतल्या तारांवरचं आवरण खराब होतं. मग करंट पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पत्र्याच्या बॉडीत. अर्थिंग धड असेल तर तो तिसऱ्या तारेतून जमिनीत जातो. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बॉडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

महालातल्या जुन्या वाड्यांमध्ये वायरिंगही जुनं. सॉकेटला भोकं तीन दिसतात, पण मागे तारा दोनच असू शकतात! म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजूनच घ्या. कूलरची पिनही तीन पायांचीच हवी.

"पण घरात एमसीबी आहे ना?" एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाला मारायला पुरेल एवढा करंट त्याच्या हिशेबात फारच कमी, तो पडणारच नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो.

आता गारव्याचं. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. ताट्यांमधल्या गवतावर क्षारांचा पांढरा थर बसला की पाणी सगळीकडे झिरपत नाही, मग हवा कोमट येते. अशा वेळी नवीन गवत भरा, वरच्या पाइपची भोकं साफ करा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. ओलसर हवा बाहेर गेलीच पाहिजे. पावसाळा लागला की हवाच दमट होते, तेव्हा कूलर नुसता चिकचिक करतो. त्यात मेकॅनिकचा दोष नाही.

एसीवाल्यांसाठी एकच गोष्ट. "गॅस संपला" असं कोणी म्हटलं तर विचारा, "गळती कुठे आहे?" एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरला, की पैसे पुन्हा जाणार. आणि त्याआधी फिल्टर धुऊन बघा. कधीकधी तेवढ्यानंच काम होतं.

शेवटी दोन सवयी. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. जुन्या वायरिंगमध्ये बटण बंद असूनही आत करंट राहू शकतो. दुसरी सवय, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यातच वाढतात.

तुमच्या घरी रोज कूलरमध्ये पाणी कोण भरतं? आई, आजी, लहान भाऊ? हा एपिसोड आधी त्यांना ऐकवा.