नोंदवही आधीं, यंत्र मागाहून

लहान धंद्यास संगणकाची जोड द्यावयाची म्हणजे यंत्र विकत घ्यावयाचें, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा, हें द्राक्षबागाईतदारांच्या अनुभवावरून पाहावें.

युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांचा माग लागावा म्हणून ‘अपेडा’ या सरकारी संस्थेनें २००६ सालीं ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तींत बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेंत तपासला जातो, आणि माल कोणत्या बागेंतला हें परदेशांतही कळतें. इतकी चोख व्यवस्था असूनही २०१० सालीं ‘क्लोरमेक्वाट’ या वाढरोधकाचा अंश आढळल्यामुळें युरोपांत आपला माल अडला, व बागाईतदारांचें मोठें नुकसान झालें. हें औषध वेलींवर पडत होतें, परंतु तपासणीच्या यादींत नव्हतें. जें यादींत घातलें नाहीं, तें संगणकास दिसत नाहीं. वेलीवर काय पडलें हें बागेच्या धन्यासच ठाऊक.

म्हणून फवारणीची तारीख, औषधाचें नांव व प्रमाण, दिलेलें पाणी आणि झालेला खर्च त्याच दिवशीं लिहून ठेवण्याची संवय हीच खरी तयारी होय. अशा नोंदींवरूनच कोणती फवारणी व्यर्थ गेली व पाणी कोठें वाचेल हें उमगतें; खर्च उतरतो आणि जमिनीचा कसही टिकतो. ज्याची वही नियमित आहे, त्यानें ती खुशाल मोबाइलवर न्यावी. ज्याची नाहीं, त्यानें आधीं एक साधी वही आणावी, व पुढच्या फवारणीपासूनच लिहावयास आरंभ करावा.