एफआयआर नाही म्हणजे सुटका नाही

नालासोपाऱ्यात पंधरा वर्षांच्या मुलाने रस्त्यावरची सायकल चोरली, तर कायद्यानुसार एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत फक्त नोंद होते. शेजारी म्हणतात, ‘लहान म्हणून सोडला.’ तसे नसते. बाल न्याय कायदा, 2015 मध्ये ‘वळवणूक’ (शक्य तिथे न्यायालयीन कारवाई टाळून सुधारणेचा मार्ग) हे तत्त्व आहे. विरार फास्ट लोकल स्लो मार्गावर वळवली तरी ती रद्द होत नाही, उलट थांबे वाढतात.

पहिला थांबा सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचा. घरी कोण कमावते, संगत कोणाची, शाळा का सुटली, हे पोलीस त्यात लिहितात. शाळेचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. पैशांअभावी शाळा सुटलेल्या आणि मारहाणीला कंटाळून सोडलेल्या मुलाला एकच उपाय लागू पडत नाही. हा अहवाल बाल न्याय मंडळाकडे (एक दंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते) जातो. दोष आढळल्यास मंडळ समुपदेशन, परिवीक्षा (देखरेखीखाली घरीच राहणे) किंवा चौदा वर्षांवरील मुलाला समाजसेवा सांगू शकते: बागेची निगा, वृद्धांची सेवा, वाहतूक नियमनात मदत.

खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात, किंवा प्रौढ साथीदार असल्यास, एफआयआर होतोच.