अहमदाबादचे चार दिवस : महाविद्यालये, मंदिरे आणि एक अनिर्णित प्रश्न

बारावीचे निकाल लागले की आपल्या व्यापारी घरांतून एक ठरावीक दृश्य दिसते. वडील दुकानाच्या किल्ल्या भावाकडे सोपवितात, मुलाला वा मुलीला घेऊन रातोरात मोठ्या शहरी जातात, प्रवेशाच्या रांगेत उभे राहतात, शुल्क भरतात आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परततात. ज्या गावी आपले मूल पुढील चार-पाच वर्षे राहणार, ते गाव घरातील कोणी धड पाहिलेले नसते. दुकानासाठी गाळा घ्यायचा झाला तर आपण तीनदा जाऊन येतो. सकाळची वर्दळ पाहतो, संध्याकाळची पाहतो, शेजारच्या दुकानदाराशी दोन शब्द बोलतो. मुलांच्या शिक्षणाच्या जागेला एवढाही वेळ आपण देत नाही.

आमची कन्या अकरावीत असताना तिने वास्तुरचनेचे शिक्षण घेण्याची इच्छा बोलून दाखविली, तीही अहमदाबादेस जाऊन. आमचे आडतीचे दुकान जळगावात. माझे सासरे, ज्यांना घरात सर्व जण बाबूजी म्हणतात, प्रथम काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “मुलीला एवढ्या लांब पाठवायचे, तर तिथे तिच्या धर्माचे काय, जेवणाचे काय, हे कोणी पाहिले आहे का?” प्रश्न रास्त होता. कोणी पाहिले नव्हते. तेव्हा यजमानांनी सुचविले की, निर्णय तूर्त बाजूला ठेवावा आणि सर्वांनी मिळून एकदा जाऊन यावे. बाबूजींना हठीसिंगांच्या मंदिराचे दर्शन घडेल, आम्हांला शहर दिसेल, मुलीला महाविद्यालय.

अशा प्रवासाचा काळ ठरविताना दोन पंचांगे समोर ठेवावी लागतात. एक आपले, दुसरे महाविद्यालयाचे. चातुर्मासात अनेक घरांतून प्रवासाची मर्यादा पाळली जाते, पर्युषणात तर प्रश्नच नाही. दिवाळीत दुकान सोडता येत नाही. उरते मे महिन्याची सुट्टी, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी तीच निवडतात. परंतु त्या दिवसांत महाविद्यालये ओस पडलेली असतात आणि अहमदाबादचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. रिकाम्या वर्गांच्या भिंती पाहून काय कळणार? कार्तिकी पौर्णिमेनंतरचा हिवाळा त्या मानाने सर्वांत सोयीचा. मात्र त्या सुमारास सत्रपरीक्षा नाहीत ना, हे आधी विचारून घ्यावे. उत्तरायणाचे दिवसही शक्यतो टाळावेत. त्या वेळी शहरात खोली मिळणे कठीण होते, आणि मांजात अडकून जखमी होणारे पक्षी पाहवत नाहीत. आम्ही जानेवारीचा पहिला आठवडा निवडला. खानदेशातून नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, सुरतमार्गे सरळ अहमदाबादेस जाते, त्यामुळे बाबूजींना गाडी बदलावी लागली नाही.

मुक्काम पालडी भागात केला. तेथे पावलापावलावर देरासर, उपाश्रय आणि भोजनशाळा असल्यामुळे सकाळची पूजा आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांची चिंता राहत नाही. राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, याच पालडीत साबरमतीच्या काठी आहे. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून १९६१ मध्ये ती उभी राहिली.

आम्हांला पाहायची होती ती सेप्ट. तिच्या आसपास चालण्याच्या अंतरावर एवढ्या संस्था आहेत की एक संपूर्ण दिवस तेथेच जातो. गुजरात विद्यापीठ, वाणिज्य शिकविणारे एच. एल. महाविद्यालय आणि लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर, ही सर्व त्याच परिसरात. ज्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने यांतील बहुतेक संस्था उभ्या केल्या, ती १९३५ साली शेठ कस्तुरभाई लालभाई आणि गणेश वासुदेव मावळंकर आदींनी स्थापन केली. मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. कोकणातील मावळंगे गावचे हे मराठी घराणे गुजरातेत स्थायिक झालेले.

कस्तुरभाईंविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. शांतिदास झवेरींच्या वंशातील हे गृहस्थ १९१२ साली महाविद्यालयात शिकत असताना त्यांचे वडील निवर्तले आणि शिक्षण सोडून त्यांना गिरणीचा कारभार हाती घ्यावा लागला. पुढे आणंदजी कल्याणजी पेढीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी राणकपूर, देलवाडा येथील जीर्णोद्धार करविला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. अभियांत्रिकीचे एल. डी. महाविद्यालय आणि भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. विद्यामंदिराच्या मुळाशी आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी यांनी दिलेला सुमारे दहा हजार हस्तलिखितांचा संग्रह आहे. तेथील संग्रहालयात बाबूजी दीड तास रमले. वडील गेल्यावर त्यांचेही शिक्षण मॅट्रिकनंतर थांबले होते. कस्तुरभाईंची हकीकत त्यांनी यजमानांकडून दोनदा ऐकून घेतली.

विद्यामंदिराची इमारत बाळकृष्ण दोशी यांची, आणि १९६२ साली सेप्टची वास्तुरचनाशाळा सुरू करणारेही तेच. दोशी मूळचे पुण्याचे. फर्निचरचा व्यवसाय असलेल्या गुजराती कुटुंबात १९२७ मध्ये त्यांचा जन्म झाला. ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या कामावर देखरेख करण्यासाठी ते अहमदाबादेस आले आणि तेथलेच झाले. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय. कन्येने हे सांगितले तेव्हा बाबूजींनी एवढेच विचारले, “म्हणजे दुकानदाराचाच मुलगा?”

सेप्टच्या परिसरात जाण्यासाठी आगाऊ विचारणा करून ठेवावी. उघड्या विटांच्या त्या इमारतीत मुले जमिनीवर, पायऱ्यांवर, झाडाखाली बसून पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करीत होती. कोण विद्यार्थी आणि कोण अध्यापक हे चटकन ओळखू येत नव्हते. मार्गदर्शन करणाऱ्याबरोबर तासभर फिरावे, पण त्यानंतर कोणी बरोबर नसताना आणखी तासभर एखाद्या बाकावर बसून राहावे, असे मी सर्वांना सांगेन. खरी माहिती त्या दुसऱ्या तासात मिळते. आम्हांला ती नाशिककडील एका जैन विद्यार्थिनीकडून मिळाली. बाबूजींनी सरळ विचारले, “बेटा, रात्रीचे जेवण किती वाजता?” ती हसून म्हणाली, “दादाजी, काम रात्री उशिरापर्यंत चालते. मी साडेपाचला स्टुडिओतच डबा खाऊन घेते. पहिल्या वर्षी अवघड गेले. काही वेळा चुकलेही.” त्या अखेरच्या दोन शब्दांमुळे आम्हांला तिचे सारे बोलणे खरे वाटले. कंदमूळविरहित जेवणाचा डबा देणाऱ्या बाई, सामानाचा दरमहा होणारा खर्च, राहण्याची जागा, सर्व तिने तपशीलवार सांगितले. शुल्काचा आकडा आपण संकेतस्थळावर पाहतो, परंतु कागद, पुठ्ठा, छपाई आणि अभ्याससहली यांचा खर्च त्यात नसतो, हे आम्हांला तेथे कळले.

निवासाच्या बाबतीत आपल्या समाजाच्या वसतिगृहांची चौकशी अवश्य करावी. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाची शाखा अहमदाबादेतही आहे. मुलींच्या सोयीची चौकशी मात्र वेगळी करावी लागते. परप्रांतीय विद्यार्थ्यांसाठी किती जागा आहेत आणि कोणती प्रवेशपरीक्षा लागते, हेही त्याच फेरीत विचारावे. वास्तुरचनेला नाटा, विधी महाविद्यालयांना क्लॅट, एनआयडीला तिची स्वतःची परीक्षा. नियम दरवर्षी नव्याने वाचलेले बरे.

तिसरा दिवस जुन्या शहरासाठी ठेवला. महानगरपालिकेची वारसा पदयात्रा सकाळी कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि पोळांच्या गल्ल्यांतून, चबुतरे व जुनी देरासरे दाखवीत जामा मशिदीपाशी संपते. २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा नगरीचा मान दिला, तो भारतातील पहिला. माणेकचौक रात्री पाहावा असे जो तो सांगतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांनी तो दिवसा पाहावा. तेव्हा तेथे सराफ बाजार भरलेला असतो, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांना तोच अधिक पाहण्यासारखा आहे.

दुपारी दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग मंदिर. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी आरंभिलेले हे धर्मनाथ भगवंतांचे मंदिर त्यांच्या निधनानंतर पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी १८४८ मध्ये पूर्ण केले. भोवती बावन्न देवकुलिका आहेत. कन्या बाहेरच्या चौकात बसून एका स्तंभाचे रेखाटन करू लागली. बाबूजी दर्शन घेऊन आले आणि तिच्या मागे उभे राहिले. “हे वरचे वजन खाली येते कसे?” त्यांनी विचारले. तिने बोट फिरवून दाखविले. दोघे बराच वेळ वर पाहत होते. बांधकाम करणारे प्रेमचंद सलाट कोणत्या महाविद्यालयात शिकले होते, असे बाबूजींनी मिस्कीलपणे विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

चौथ्या दिवशी कोबा. श्री महावीर जैन आराधना केंद्रातील ज्ञानमंदिर आणि संग्रहालय पाहून तेथून अडालजच्या पाच मजली वावेला जाता येते. राणी रुडाबाईंनी ती १४९९ मध्ये पूर्ण करविली. ज्यांच्या मुलांना विधिशिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ कोब्यालाच आहे आणि मेट्रो आता त्याच्या नावाच्या स्थानकावर थांबते. भाट येथील उद्योजकता विकास संस्थाही वाटेवरच. दुकान पुढे चालवू इच्छिणाऱ्या मुलांना तीही दाखवावी. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. वावेच्या पायऱ्या उतरण्यात आणि बाबूजींना हात धरून वर आणण्यात दुपार संपली.

एक चूक आमच्याकडून झाली. चार दिवसांत इतके काही ठरविले होते की, दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलासाठी वेळच उरला नाही. तो दहा वर्षांचा आहे आणि महाविद्यालयांना कंटाळला होता. दिवसाला एक संस्था आणि एक स्थळ, एवढेच पुरे होते.

परतीच्या गाडीत निर्णय झाला नाही. बाबूजींनी खिशातील छोटी वही काढली, त्या नाशिककडील मुलीने सांगितलेला डब्याचा दर लिहिला, खाली खोलीचे भाडे लिहिले आणि बारा महिन्यांची बेरीज केली. मग कन्येला म्हणाले, “पुण्यालाही अशी शाळा असेल ना? ती पाहून येऊ. साडेपाचचा डबा तिथे मिळतो का, तेही विचारू.” पुण्याची तिकिटे फाल्गुनातील काढली आहेत. या वेळी धाकट्याने सिंहगड आधीच सांगून ठेवला आहे.