लांबच्या वाटेने लवकर

बाळांनो, तो पृथ्वीचा गोल इकडे आणा, आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोराही. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर धरा, दुसरं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोवर. आता ताणा. कुठून गेला बघा! तिबेट, सायबेरिया, गोठलेला आर्क्टिक महासागर, अलास्का, आणि मग खाली. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट सरळ दिसायचीच नाही. पण गोलावरचं सगळ्यात कमी अंतर हेच, सुमारे १२,४०० किलोमीटर.

एअर इंडियाचं विमान मात्र पश्चिमेला तोंड करून, अटलांटिकवरून जायचं. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून न्यायचं ठरलं. अंतर भरलं १५,३०० किलोमीटर! आणि वेळ? साडेचौदा तास. जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी.

‘मग पायलटनं जोरात पळवलं असेल, आजोबा!’

नाही रे. विमान तसलंच, इंजिनाची ताकदही तेवढीच. मदत केली ती वाऱ्यानं.

विषुववृत्ताकडची हवा उन्हानं तापून फुगते, ध्रुवाकडची गारठून आक्रसते. त्यामुळे वर, दहा-एक किलोमीटर उंचीवर, उबदार बाजूला हवेचा दाब जास्त राहतो आणि हवा तिथून ध्रुवाकडे निघते. पण खाली पृथ्वी फिरते आहे ना! आपल्या उत्तर गोलार्धात त्या फिरण्यामुळे वारा उजवीकडे वळत वळत अखेर पूर्वेकडेच वाहू लागतो. शेकडो किलोमीटर रुंदीची, नागमोडी जाणारी ही हवेची नदीच. हिला म्हणतात जेट प्रवाह. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी वाढते, तशी हिला आणखी जोर चढतो.

हा वारा फार आधी मोजला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. १९२४ च्या डिसेंबरात नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेग मिळाला. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून त्या माणसानं आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला. पण ती येणारे किती? अहवाल पडून राहिला. मला या गोष्टीची फार हळहळ वाटते. वीस वर्षांनी, महायुद्धात, अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली, तेव्हा त्यांना हाच वारा भिडला आणि नेम चुकू लागले.

आता हिशेब तुम्हीच करा. विमान हवेतून ताशी ८०० किलोमीटरनं जातंय. समोरून २४ चा वारा आला, तर जमिनीवरून पाहता वेग उरला ७७६. पाठीमागून १३८ चा मिळाला, तर झाला ९३८. वैमानिक म्हणूनच निघण्याआधी त्या दिवसाचा वरच्या वाऱ्यांचा नकाशा पाहतात. कधी थोडं उत्तरेला सरकतात, कधी दक्षिणेला.

आणि परतीची वाट? ते विमान आल्या वाटेनं मागं फिरलं नाही. वारा पुन्हा पाठीशी राहावा म्हणून अमेरिका ओलांडून, अटलांटिकवरून, पूर्वेकडेच निघालं. दिल्लीहून दिल्लीपर्यंत पृथ्वीला एक पुरी प्रदक्षिणा!