मोठा मासा आजारी पडला? औषध नंतर, आधी पाणी बघा!



लिंबायतमध्ये दुकानाच्या गल्ल्यामागं किंवा घराच्या पुढच्या खोलीत काचेची टाकी दिसली, तर त्यात बऱ्याचदा एकच मोठा मासा असतो. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर नाहीतर अरोवाना. कुणी हौसेनं पाळतो, कुणी वास्तूसाठी. हा मासा एक दिवस खाणं सोडतो, कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो. मग धावपळ सुरू होते. कुणी निळं औषध सुचवतं, कुणी पिवळं, कुणी माणसाच्या गोळ्या. तिन्ही पाण्यात पडतात आणि दोन दिवसांत मासा उलटा होतो.

तळ्यात मासेमारी करणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल. पहाटे मासे वर येऊन तोंड मारायला लागले, तर आपण औषध शोधत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झालाय, हे ओळखतो. टाकीतही तेच.

मासा काय सांगतोय?

🐟 वर येऊन धापा टाकतो, कल्ले भराभर हलतात: प्राणवायू कमी, किंवा पाण्यात अमोनिया, नायट्राइट वाढलंय. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमीच मावतो.

🐟 खडीवर, काचेवर अंग घासतो: कातडीवर परजीवी, किंवा नळाच्या पाण्यातला क्लोरीन.

🐟 अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके: हा 'इक' नावाचा परजीवी. ठिपके गळले म्हणजे रोग गेला असं नाही. ते तळाशी जाऊन वाढतात आणि परत माशावर येतात. म्हणून औषध मधेच थांबवू नका.

🐟 ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावर खड्डे: पाणी बराच काळ खराब, खाणं एकाच प्रकारचं, शिवाय आतड्यातले परजीवीही असू शकतात.

🐟 पोट फुगलंय, खवले सीताफळासारखे उभे राहिलेत: आतले अवयव निकामी होतायत. यातून मासा क्वचितच वाचतो.

🐟 ऑस्कर टाकी बदलल्यावर आडवा पडून राहतो: कल्ले शांत चालत असतील तर घाबरू नका, तो रुसलाय. ऑस्करची ही सवयच आहे. एक-दोन दिवस त्याला त्याच्या जागी राहू द्या.

मूळ दुखणं कुठलं?

मासा अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासा मोठा, खाणं जास्त आणि टाकी लहान असली, की जिवाणूंना काम झेपत नाही. हातभर वाढणाऱ्या ऑस्करला दोन फुटी टाकी म्हणजे कोंडवाडाच. सिल्व्हर अरोवाना तर तीन फुटांपर्यंत जातो. त्यात कुणी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, की क्लोरीननं जिवाणू मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वीज बराच वेळ गेली तरी जिवाणू मरतात.

काय करायचं?

१. दुकानातून टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. पीएचही बघा, कारण पीएच आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

२. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, सगळं एकदम नको. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं आणि त्यात अँटी-क्लोरीन घातलेलं असावं.

३. हवेचा पंप वाढवा. दोन दिवस खाणं बंद. मोठा मासा उपाशी मरत नाही.

४. पाणी ठीक असूनही खूण कायम राहिली, तरच औषध. एका वेळी एकच.

मात्रा पाण्यावर ठरते. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, १००० नं भागा. आलं लिटर. १२० बाय ४५ बाय ४० ची टाकी म्हणजे २१६ लिटर. खडी-दगडांची जागा त्यातून वजा करा. अंदाजानं झाकण भरून ओतलेलं औषध रोगाआधी माशाला मारतं. अँटिबायोटिक तर मत्स्य डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच, ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारू शकतं.

आणि एक हात जोडून विनंती

मासा बरा होत नाही किंवा टाकीत मावत नाही, म्हणून त्याला तापीत किंवा मिठी खाडीत सोडू नका. त्याचा रोग नदीतल्या माशांना लागू शकतो. आणि तो जगला, तर अजून वाईट. उजनी धरणात काय झालं ते बघा. टाकीतली काच साफ करणारा सकर मासा तिथं पसरला, आता काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले आपण बहुतेक जण तापीकाठचेच. या नदीवर कितीतरी घरांची चूल पेटते.

मासा मोठा झाला तर दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या. मेला तर मातीत पुरा.

ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती नक्की पोहोचवा. 🙏