भूखंड घेताना : खरेदीचा हक्क आणि बांधकामाचा परवाना

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर घरासाठी भूखंड शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक भेद ध्यानी ठेवावा. कर्नाटकाने २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे वगळल्याने बिगरशेतकऱ्यासही शेतजमीन घेता येते. मात्र खरेदीचा हक्क म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. घरासाठी १९६४ च्या भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ नुसार जमीन बिगरशेती झालेली हवी. शिवाय विकास आराखड्यात निवासी विभाग आणि मंजूर रेखांकनही हवे. ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या तुकड्यांना बहुधा हे आधार नसतात. नोंदणीकृत खरेदीखताने ही उणीव भरून निघत नाही आणि अशा तारणावर गृहकर्जही अडते. सातबाऱ्यासारखा तेथील ‘पहाणी’ उतारा इसार देण्यापूर्वीच जाणकाराकडून वाचून घ्यावा.